काचेतून पाहिलेला चंद्र

प्रिय दादा,

माझं पत्र पाहून तू आधी पाकीट उलटसुलट करशील आणि मग हिच्या फोनला काय झालं असं म्हणशील. फोनला काही झालेलं नाही. फोनवर तू "सगळं ठीक ना?" विचारतोस, मी "ठीक" म्हणते, आणि मग आपण दोघं तुझ्याकडच्या हवेबद्दल बोलतो. कागद मधेच काही विचारत नाही. मला जे सांगायचं आहे ते क्रमानं सांगितलं तरच तुला पटेल, म्हणून कागद.

तर पहिली गोष्ट. बाबा रोज संध्याकाळी गच्चीवर जातात आणि चंद्राची प्रार्थना म्हणतात. नवा चंद्र वाढायला लागला की महिन्यातून एकदा म्हणायची प्रार्थना, ती ते रोज म्हणतात, कारण काल म्हटल्याचं आज त्यांना आठवत नाही. आणि जिथे टाचा उचलून चंद्राकडे तीनदा उडी घ्यायची असते, तिथे ते पश्चिमेच्या कठड्याला लागून असलेल्या ओट्यावर चढतात आणि तिथून उडी घेतात. ओट्यावर उभं राहिलं की कठडा त्यांच्या गुडघ्यापर्यंतही येत नाही. खाली चार मजले आणि फरसबंदी अंगण. हे असंच चालू राहिलं तर एक दिवस ते पडतील. याला तू माझी भीती समजू नकोस. हा अंदाज आहे, आणि वेधशाळेत माझं पोट अंदाज बरोबर येण्यावरच चालतं.

मी तुला "थोडा विसराळूपणा" असं सांगितलं होतं. तो थोडा कधीच नव्हता. चष्म्याचं दुकान बंद करावं लागलं ते बाबांच्या गुडघ्यांमुळे नाही, तर एका शाळेच्या बाईंना त्यांनी त्यांच्या नवऱ्याच्या नंबरची भिंगं बसवून दिली आणि त्या बाई आठवडाभर भिंतींना धडकत होत्या, म्हणून. बाई भल्या, त्यांनी फक्त चष्मा परत आणून दिला. बाबांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि म्हणाले, हे काम कुणी केलंय, त्याला माझ्याकडे शिकायला पाठवा. मी तिथेच उभी होते. त्या दिवशी मी तुला फोन केला होता, आणि आपण हवेबद्दल बोललो होतो.

तुला गच्ची आठवते का? मला ती तुझ्यापेक्षा जास्त आठवते असं मी म्हणेन, कारण तू तिच्यावर असायचास आणि मी तिच्याकडे पाहत असायचे. शनिवारी रात्री शब्बाथचा विश्रांतीचा दिवस संपल्यावर बाबा कपडे बदलायचे नाहीत. चांगला कोट अंगावर आहे तोवरच चंद्राला भेटून यायचं, राजाला भेटायला माणूस गबाळा जातो का, असं म्हणायचे. मग तू तुझा तपकिरी कोट चढवायचास, प्रार्थनाघरातले दहाकाका धापा टाकत जिना चढून यायचे, मागून आणखी दोघंतिघं. (दहाकाका हे नाव तूच ठेवलंस, प्रार्थनेला दहा पुरुष जमले का हे ते सारखे बोटांवर मोजत असायचे म्हणून.) मी जिन्याच्या वरच्या टप्प्यावर, गच्चीच्या दाराच्या काचेमागे. मुली-बायका वर जात नाहीत अशी रीत. का, असं मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, कुणी म्हणतं पहिल्या बाईनं चूक केली म्हणून चंद्र लहान झाला. मग म्हणाली, तोही आमच्यामुळेच, बरं. आणि पुन्हा हातातल्या सदऱ्याला बटणं लावायला लागली.

काचेमागून मला सगळं पाठ झालं. "मी तुझ्याकडे झेपावतो तरी तुला शिवू शकत नाही, तसंच माझं वाईट चिंतणाऱ्यांना मला शिवता येऊ नये." तीन उड्या. मग प्रत्येकानं शेजाऱ्याला "शालोम आलेखेम", तुम्हांवर शांती असो, म्हणायचं आणि त्यानं शब्द उलटे करून "आलेखेम शालोम" म्हणायचं, तेही तीनदा. अंधारात अचानक भेटलेली माणसं एकमेकांना सांगतात ना की बाबा रे, मी शत्रू नाही, तसं. तू उडी मारताना मुद्दाम दोन्ही पाय आपटायचास आणि समोरच्या शिवणवाल्या मावशी दार उघडून ओरडायच्या की वर कुस्ती चालली आहे का, माझी सुई तुटली. बाबा तुला ओरडायचे नाहीत. मावशींनाच खाली वाकून सांगायचे, पोरगा चंद्राला हात लावायला बघतोय, जरा सांभाळून घ्या.

आणि खाली येताना तुमचा तो खेळ. जुन्या काळी महिना सुरू झाला हे ठरवायला नवा चंद्र पाहिलेले साक्षीदार न्यायसभेपुढे यायचे आणि त्यांची उलटतपासणी व्हायची, तशी बाबा जिन्यात तुझी घ्यायचे. चंद्र सूर्याच्या उत्तरेला होता की दक्षिणेला? किती उंच? टोकं कोणत्या बाजूला वळलेली? तू ठोकून द्यायचास. एकदा मी मधेच बरोबर उत्तर दिलं. बाबा थांबले, हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, साक्षीदार अपात्र, काचेतून पाहिलेला चंद्र साक्षीत धरत नाहीत. हा खरोखरच जुना नियम आहे, मी नंतर शोधून काढला. पाण्यात पाहिलेला नाही, काचेतून पाहिलेला नाही, ढगाआडून पाहिलेला नाही. जन्मभर लोकांना काचेतून बघायला लावणाऱ्या माणसानं तो पाठ करून ठेवावा, यात मला तेव्हा गंमत वाटली होती. बहुधा वाटली असावी.

आता तू म्हणशील, गच्चीला कुलूप लाव. दादा, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. कुलूप लावून झालं. बाबा दारावर हात आपटत राहिले, कातडी सोलून निघेपर्यंत. महिना निघून चालला, महिना निघून चालला, एवढंच म्हणत होते, आणि मी त्यांना मागून धरून उभी होते, त्याच काचेपाशी. दुसऱ्या दिवशी दार बंद आहे हे पाहून ते शांतपणे स्वयंपाकघरात गेले आणि खिडकीतून बाहेरच्या लोखंडी जिन्यावर पाय टाकायला लागले. तो जिना कुणी कित्येक वर्षं तपासलेला नाही. मी कुलूप काढलं. ओटा फोडता येत नाही, टाकीचे पाइप त्याच्यातून जातात. दुसरीकडे उभे राहत नाहीत, कारण पलीकडच्या इमारतीची टाकी आडवी येते आणि नवा चंद्र फक्त तिथूनच दिसतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी ते दिवसभर झोपले आणि संध्याकाळी बरोबर उठले. आज ढग आहेत असं सांगितलं, तर खिडकी उघडून वर पाहिलं आणि मला म्हणाले, खोटा साक्षीदार.

उतरत्या पंधरवड्यात तर विचारूच नकोस. संध्याकाळी आकाशात चंद्रच नसतो. मग ते तो सापडेपर्यंत थांबतात. मी बाजूला स्टुलावर बसते, त्यांच्या खांद्यावर शाल टाकते, ती ते काढतात, मी पुन्हा टाकते.

दहाकाका पहिले दोन महिने आले. जिना चढताना प्रत्येक टप्प्यावर बसत होते, पण आले. मग एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, पोरी, एका महिन्यात पुन्हा पुन्हा म्हणणं म्हणजे देवाचं नाव फुकट घेणं आहे, हे बरं नाही. मी म्हटलं, मग मी काय करू ते सांगा. त्यांनी बराच वेळ दाढी खाजवली आणि म्हणाले, नाव आलं की आपण मोठ्यानं खोकायचं, म्हणजे ते ऐकूच आलं नाही असं होईल. आणि खरोखर खोकले. प्रत्येक वेळी नाव आलं की खोकले. शेवटी बाबा प्रार्थना थांबवून त्यांना म्हणाले, अरे, काहीतरी औषध घे. मला हसू आलं. त्यानंतर मी नीट हसल्याचं आठवत नाही. दहाकाकांना नंतर छातीचं दुखणं झालं, ते आता येत नाहीत. मी त्यांना विचारलं होतं, उलट उत्तर द्यायला कुणी नसेल तर मी दिलं तर चालेल का. ते म्हणाले, चालत नाही. मग म्हणाले, मला हल्ली कमी ऐकू येतं.

म्हणून मी उत्तर देते. तुझा तपकिरी कोट घालून. तो कपाटात होता, गच्चीवर वारं असतं, एवढंच कारण होतं. पण त्यात मला पाहून बाबांचा चेहरा असा झाला की मी तो काढला नाही. ते मला तुझ्या लाडक्या नावानं, बोक्या म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. पहिल्यांदा केलं होतं. तेव्हा ते घाबरले, माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहायला लागले, की मग तो कुठे आहे, तो पडला का. तेव्हापासून मी बोक्या आहे. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा त्या दाराच्या पलीकडे उभी आहे, आणि तू म्हणून उभी आहे. याबद्दल मला काही म्हणायचं नाही, तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

मी एक उपाय मात्र मनापासून केला. बाबांच्या खोलीच्या खिडकीसमोर पलीकडच्या इमारतीची कोरी भिंत आहे. छतात बसवतात तसला गोल एलईडी दिवा मी आणला, त्याच्यावर पिवळसर कागद चिकटवला, काळ्या पट्टीनं तो झाकून त्या दिवसाची कोर तयार केली आणि पलीकडच्या वायरमनला पटवून भिंतीवर बसवून घेतला. वायरमन म्हणाला, ताई, हे नक्की कशासाठी? मी म्हटलं, चंद्र आहे. तो म्हणाला, बरं, आणि स्क्रू आवळले. उंची, कल, टोकांची दिशा, सगळं मी मोजून घेतलं होतं. खोलीत गालिचा टाकला, खिडकीला गज आहेत. संध्याकाळी मी बाबांना कोट घातला आणि खिडकीपाशी नेलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, काचेतून पाहिलेला धरत नाहीत. ही चूक माझीच, हे मला सुचायला हवं होतं. मी खिडकी उघडली. ते गजांना धरून पुन्हा पाहत राहिले आणि पहिल्यांदा मला वाटलं की जमलं. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे वळून, अगदी दुकानातल्या आवाजात, गिऱ्हाइकाला न दुखवता सांगावं तसं सांगितलं: टोकं बरोबर वळवली आहेस, बोक्या. पण काल हा एवढाच होता.

दादा, दिवा मी आदल्या दिवशीच लावून पाहिला होता. पट्टी बदलायची राहिली होती. ज्या माणसाला सकाळी जेवलो की नाही हे आठवत नाही, आईला जाऊन किती वर्षं झाली हे आठवत नाही, त्याला काल कोर केवढी होती हे आठवत होतं. ते शाल सावरून वर गेले आणि मी मागोमाग गेले. दिवा अजून भिंतीवर आहे. वायरमन भेटला की विचारतो, चंद्र चालतोय ना?

आता वृद्धांच्या त्या निवासाबद्दल. मी त्यांना तिथे घेऊन गेले होते, तुला कळवलं नव्हतं. स्वच्छ जागा आहे. रंगवलेल्या भिंती, रुंद दरवाजे, जमिनीवर पाय घसरणार नाही असं काहीतरी अंथरलेलं. मुख्य परिचारिका खरोखर मायाळू आहेत, बाबांचा चष्मा त्यांनी न सांगता पुसून दिला. रिकामी खोली आतल्या चौकाकडे तोंड करून आहे आणि दिवस मावळला की बाहेरची दारं बंद होतात. बाबांनी विचारलं, इथे पश्चिम कुठे? त्यांनी हात करून दाखवलं. मग विचारलं, चंद्र कुठून दिसतो? त्या म्हणाल्या, आजोबा, आमच्याकडे टीव्ही आहे. बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, इथे महिना सुरू कसा होणार? तिथे ते पडणार नाहीत, एवढं नक्की. बाकी काय होईल हे मला मोजता येत नाही. खोलीचं उत्तर येत्या शुक्रवारपर्यंत द्यायचं आहे.

आणखी एक गोष्ट तुला सांगायला हवी, आणि ती मी शेवटाकडे ढकलत आणली आहे, कारण ती तुझी आहे, माझी नाही.

बाबांची ती गोष्ट आपण दोघांनी शंभरदा ऐकली. सुरुवातीला सूर्य आणि चंद्र सारखेच मोठे होते. चंद्र देवाकडे गेला आणि म्हणाला, एक मुकुट दोन राजांना कसा पुरेल? देव म्हणाला, बरोबर आहे, मग तू जा आणि लहान हो. पुढे तू दुकानात डोळे तपासायचं मशीन आणायचं म्हणालास, बाबा म्हणाले डोळा माणसानं तपासायचा असतो, आणि त्या भांडणात तू त्यांची गोष्ट त्यांच्यावरच उलटवलीस. एका मुकुटाखाली दोन राजे कसे राहणार, असं दुकानाच्या मधोमध उभं राहून म्हणालास. बाबांनी गोष्ट पुरी केली. मग जा, म्हणाले, आणि लहान हो. तू गेलास. आई गेली तेव्हा आलास आणि दोघं शेजारीशेजारी बसलात, पण एकमेकांना काय म्हणालात? मी ऐकत होते. चहा घेणार का, आणि नको.

आपण समजत होतो गोष्ट तिथेच संपते. ती तिथे संपत नाही. हल्ली ते जिना उतरताना मला पुढचा भाग सांगतात. रोज, त्याच शब्दांत. चंद्र म्हणाला, मी रास्त तेच बोललो, त्याची ही शिक्षा? देवाला वाईट वाटलं. तो म्हणाला, बरं, तुला दिवसाही उगवायची मुभा देतो. चंद्र म्हणाला, भर दुपारी दिव्याचा काय उपयोग? देव म्हणाला, माझी माणसं दिवस आणि वर्षं तुझ्यावर मोजतील. चंद्राची समजूत पटेना. काय काय सांगून पाहिलं, पटेना. शेवटी देवच माणसांना म्हणाला, दर महिन्याला माझ्या नावानं प्रायश्चित्त आणत जा, कारण मी चंद्राला लहान केलं. इथे बाबा पायरीवर थांबतात, माझं, म्हणजे तुझं, मनगट धरतात आणि म्हणतात, बोक्या, देवालाही समजूत काढता आली नाही रे, शेवटी चूक माझी म्हणावं लागलं. मग प्रार्थनेतलं ते वाक्य पुन्हा म्हणतात, चंद्राची उणीव भरून निघो. आणि पुढची पायरी उतरतात.

वेधशाळेतल्यासारखं मी फक्त काटा कुठे थांबला ते कळवते. अर्थ तू लाव. पण हे शब्द कोटासाठी नाहीत, कोटातल्या माणसासाठी आहेत, आणि मी ते रोज तुझ्या वतीनं ऐकून घेते आणि काही उत्तर देत नाही, कारण उत्तर काय द्यायचं हे मला कुणी सांगितलेलं नाही.

आता पत्र का लिहिलं ते. कालची संध्याकाळ. आकाश स्वच्छ, कोर चांगली ठसठशीत, वारं कमी. मी रोज त्यांच्या मागे उभी राहते आणि ते ओट्यावर चढले की त्यांच्या पट्ट्यात मागून बोटं अडकवून ठेवते. ते रोज कुरकुरतात, सोड रे, राजाला भेटायला जाणाऱ्याला कुणी मागून धरतं का, पण मी सोडत नाही. काल चढायच्या आधी ते थांबले आणि त्यांनी मला विचारलं, ठकी आहे ना काचेमागे? मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, असू दे. ती कुठे जात नाही. आणि चढले. दादा, मी पट्टा धरला नाही. तुझ्या कोटाच्या खिशात माझे दोन्ही हात होते आणि मी ते बाहेर काढले नाहीत. मी दमले होते, मी बेसावध होते, असं मला लिहिता आलं असतं, पण ते खरं नाही. मी पूर्ण शुद्धीवर होते. कठडा कुठे लागतो, वजन कुठे जाईल, हे मला दिसत होतं, आणि मी पाहत उभी होते. त्यांनी तिन्ही उड्या घेतल्या. तिसऱ्या उडीला एक पाय ओट्याच्या कडेवर आला आणि ते डुलले, तेव्हाही नाही. मग ते आपले आपण सावरले, खाली उतरले, मला शालोम आलेखेम म्हणाले, आणि माझ्या तोंडून उत्तर आलं नाही, तर अंधारात मला दिसत नसेल असं वाटून त्यांनी माझं कोपर धरलं आणि म्हणाले, पायरी जपून. सबंध जिना त्यांनी मला तसं धरून खाली आणलं. आज मी कामावर गेले नाही. शिवणवाल्या मावशींना बाबांशेजारी बसवून मी हे लिहिते आहे, आणि आज संध्याकाळी त्याच वर जाणार आहेत, मी नाही. त्यांना मी गुडघा दुखतो असं सांगितलंय. त्या त्यांच्या गुडघ्यांनी किती दिवस जातील? बाबांसाठी ये असं मी आजवर तुला कधी म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. निवासाला हो म्हणायचं की नाही हे मी एकटीनं ठरवू नये, कारण काल संध्याकाळपासून मला कळत नाही की ती खोली मी त्यांना वाचवायला मागते आहे की स्वतःला. मला त्यांच्यासोबत एकटं ठेवू नकोस. शुक्रवारच्या आत ये.

तुझीच, आणि हे वाचूनही तू आपली म्हणशील अशी आशा असलेली,
ठकी